घराचा इतिहास कोठे वाचावा? अंबरनाथच्या काडेपेटीपासून पुण्याच्या केळकर संग्रहालयापर्यंत

१/
अंबरनाथ पश्चिमेला 'विम्को नाका' हे नाव रोज शेकडो प्रवाशांच्या तोंडी असते. ज्या काडेपेटीच्या कारखान्यावरून ते पडले, त्याचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, वालधुनीच्या काठी शके ९८२ मधील, म्हणजे इ.स. १०६० मधील शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखामुळे शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव साडेनऊशे वर्षांनंतरही ठाऊक आहे. विम्कोच्या काड्यांनी ज्या चुली पेटल्या, त्यांचा शिलालेख कोणी कोरला नाही. राजाचा इतिहास दगडावर वाचता येतो. घराचा इतिहास कोठे वाचावा? हा धागा त्या शोधाचा आहे.

२/
त्याचे एक उत्तर अंबरनाथहून जाणाऱ्या लोहमार्गावरच, बोरघाटाच्या माथ्यापलीकडे आहे. घाटातील हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि मुंबई व पुणे रेल्वेने जोडली गेली. पुण्यात बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की तलवारी, नाणी आणि मूर्ती डोळ्यांपुढे येतात. येथे शस्त्रे आणि शिल्पेही आहेत. परंतु या संग्रहालयाची खरी ओळख म्हणजे दिवे, अडकित्ते, कुलपे, शेवयांचे साचे, फण्या, दौती, खेळणी आणि स्वयंपाकाची भांडी. शेकडो वर्षे माणसांनी रोज हाताळलेल्या, आणि म्हणूनच कोणी जपून न ठेवलेल्या वस्तू.

३/
हा संग्रह उभा करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे मुळात कवी. 'अज्ञातवासी' या नावाने त्यांनी काव्यलेखन केले. साधारण १९२० पासून त्यांना जुन्या वस्तूंचा ध्यास लागला. वाडे, जुने बाजार, खेडी, पुढे परप्रांत असा त्यांचा शोध कित्येक दशके चालला. या वेडाला पदरमोड लागली आणि घरातील माणसांची साथही लागली. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा या कामातील वाटा मोठा आहे. घरगुती वस्तूंचे हे संग्रहालय एका घरानेच उभारले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

४/
'राजा केळकर' हे नाव वाचून एखाद्या संस्थानिकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण हा राजा सिंहासनावर बसणारा नव्हता. तो केळकर दांपत्याचा मुलगा होता आणि बालवयातच त्याचे निधन झाले. त्याच्या स्मरणार्थ संग्रहाला त्याचे नाव देण्यात आले. इतिहासात ज्याचे नाव कधीच आले नसते, अशा एका लहान मुलाचे नाव आज महाराष्ट्रातील एका महत्त्वाच्या संग्रहालयाच्या दारावर आहे. आत ठेवलेल्या वस्तूही अशाच माणसांच्या आहेत, ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

५/
केळकरांना या वस्तू मिळाल्या, कारण त्या काळात त्या घरांबाहेर पडत होत्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढील शंभर वर्षांत अनेक सरदार घराण्यांची मिळकत आटली, एकत्र कुटुंबे विभागली आणि वाड्यांच्या वाटण्या झाल्या. जड हंडे, घंगाळी, पितळी दिवे यांना नव्या, लहान घरांत जागा उरली नाही. असे भांडे बाजारात 'मोड' म्हणून वजनावर विकले जाई आणि वितळून दुसऱ्या रूपात परत येई. 'मोडीत काढणे' हा आपला वाक्प्रचार याच व्यवहाराचा. तराजूत पडण्यापूर्वी जे हाती लागले, ते या संग्रहात आले.

६/
असे करता करता संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंपर्यंत गेला. प्रत्यक्ष दालनांत त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता येतात. हा सारा ठेवा केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे पर्यायाने जनतेच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. आकडे मोठे आहेत. पण संग्रहालय पाहताना ते बाजूला ठेवावेत. 'किती सुंदर!' एवढे म्हणून पुढे न जाता प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत: ही कोणी उचलली? ही कोठे झिजली? आणि ही आली तेव्हा घरातील कोणाचे काम कमी झाले?

७/
सुरुवात दारापासून. जुन्या वाड्याचा महादरवाजा रोज पूर्ण उघडत नसे. त्यातच कापलेल्या लहान दिंडीतून वाकून आत यावे लागे. दार आतून बंद करायला भिंतीत सरकणारा लाकडी अडसर असे. या एका रचनेत त्या काळातील असुरक्षितता वाचता येते. कुलपांचेही तसेच. दागिने, दस्तऐवज, धान्य, तूप, साखर यांची राखण कुलपावर होती, आणि किल्ल्यांचा जुडगा ज्या बाईच्या कमरेला, तिच्या शब्दाला घरात वजन असे. सासूकडून सुनेकडे किल्ल्या जाणे म्हणजे घरातील सत्तांतर. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

८/
पुढे दिवे. समई, निरांजन, लामणदिवा, भिंतीच्या कोनाड्यातील पणती. काही साधे, काहींवर मोर, हत्ती, स्त्रीप्रतिमा. त्यांची कारागिरी पाहून डोळे दिपतात, पण त्यांचा प्रत्यक्ष उजेड फार थोडा होता. करंज, एरंड, तीळ यांचे तेल विकत घ्यावे लागे किंवा घाण्यावरून आणावे लागे. रोज वाती वळणे, काजळी पुसणे, तेलाचा थेंब न सांडणे हे काम बायकामुलांचे. म्हणूनच सूर्यास्ताच्या वेळेला मराठीत 'दिवेलागण' असे स्वतंत्र नाव आहे. दिवा लागला की शेतातील, अंगणातील दिवस संपे. गरिबाच्या घरी जेवण त्याआधीच उरकावे लागे.

९/
दिवा लावायला आधी विस्तव हवा. आज हा प्रश्नच पडत नाही. गारगोटीवर चकमक घासून ठिणगी पाडणे, ती कापसावर किंवा भुशावर धरणे आणि फुंकून जाळ करणे हे कौशल्याचे काम होते. पावसाळी हवेत ते आणखी अवघड होई. म्हणून रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवत. सकाळी ते विझलेले निघाले, तर शेजारी जाऊन विस्तव मागून आणावा लागे. गावातील विस्तवाची ही देवाणघेवाण शेजारधर्माचा भाग होती, आणि कोणाच्या घरचा विस्तव घ्यायचा व कोणाला द्यायचा, यात जातही होती.

१०/
येथे अंबरनाथ पुन्हा येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये सुरक्षित काडेपेटीचा शोध लागला. तांबडा फॉस्फरस काडीच्या टोकाऐवजी पेटीच्या बाजूला लावायचा, म्हणजे काडी भलत्या जागी पेटणार नाही, ही त्यातील युक्ती. यॉनशॉपिंग येथील लुंडस्ट्रॉम बंधूंनी तिचे मोठे उत्पादन सुरू केले. पुढे स्वीडन आणि जपान येथून काड्या भारतात येऊ लागल्या. १९२२ मध्ये भारत सरकारने आयात काड्यांवरील कर वाढविला. तेव्हा स्वीडिश कंपनीने येथेच उत्पादन करायचे ठरविले आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विम्को', स्थापन झाली. अंबरनाथचा कारखाना त्याच काळातला.

११/
काडेपेटी हातात आली आणि एक जुने परावलंबन संपले. राखेखाली निखारे जपण्याची गरज राहिली नाही. पहाटे शेजारच्या दारात विस्तवासाठी उभे राहणे थांबले. ज्यांना विस्तव नाकारला जात होता, त्यांनाही तो काही पैशांत दुकानातून विकत मिळू लागला. एवढा बदल घडविणारी पेटी दोन बोटांत मावत होती आणि संपली की फेकून दिली जात होती. म्हणून जुन्या समया हजारोंनी टिकल्या, जुन्या काडेपेट्या मात्र संग्राहकांच्या हातीच थोड्याफार उरल्या. वस्तूचे महत्त्व आणि तिचे आयुष्य यांचा मेळ बसतोच असे नाही.

१२/
काडेपेटीच्या जोडीला रॉकेल आले. काजळी ओकणारी चिमणी, काचेचा कंदील आणि रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा. तेल संपल्यावर तो डबा धान्याला, पाण्याला, तुळशीला, कधी छपराला ठिगळ म्हणून उपयोगी पडे. मग स्टोव्ह आला. हवेच्या दाबावर चालणारा प्राइमस स्टोव्हही स्वीडनचाच, १८९२ चा. धूर नाही, लाकूडफाटा नाही, हवा तेव्हा जाळ. मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या संसाराला तो वरदान वाटला. एका युरोपीय देशातील दोन शोधांनी मराठी स्वयंपाकघराचे रूप बदलले, हे घराच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे.

१३/
त्याच स्टोव्हची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांत वारंवार येत असे. सारेच भडके अपघात नव्हते. स्त्रियांच्या संघटनांनी या मृत्यूंवर प्रश्न उभे केले, मोर्चे काढले. भारतीय दंडसंहितेत १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविषयीचे ४९८अ हे कलम आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४ब हे कलम आले. काचेच्या कपाटातील पितळी स्टोव्ह पाहताना हेही आठवले पाहिजे. घरातील प्रत्येक जुनी वस्तू गोड आठवणीची असतेच असे नाही.

१४/
स्वयंपाकघराकडे वळू. हंडा, कळशी, तपेले, परात, घंगाळ, आंघोळीचे पाणी तापविणारा बंब. सारा संसार तांब्यापितळेचा. या धातूंत आंबट पदार्थ कळकतात, म्हणून भांड्यांना आतून कथलाचा मुलामा लागे. कल्हईवाला दारात भट्टी मांडे, भाता चालवे, तापलेल्या भांड्यात नवसागर टाके आणि कथील कापसाच्या बोळ्याने फिरवी. क्षणात काळवंडलेले भांडे चांदीसारखे उजळे आणि भोवती मुलांची गर्दी जमे. वापराने कल्हई झिजली की खालचे पितळ दिसू लागे. 'पितळ उघडे पडले' असे म्हणणाऱ्या कित्येकांनी कल्हई कधी पाहिलेलीही नसते.

१५/
ही भांडी घडविणारे हात कोणाचे? पुण्यातील तांबट आळीने याचे उत्तर अजून पुरते पुसू दिलेले नाही. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. पत्रा ठोकून गोलाई देणे आणि मग एकसारख्या ठोक्यांनी पृष्ठभागावर लहान लहान खळगे उमटविणे, म्हणजे मठारणे. मठारकाम केवळ शोभेचे नसते. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळकटी येते. संग्रहालयातील घंगाळावर बोट फिरविता आले असते, तर त्या कारागिराच्या हाताची लय कळली असती. भांड्यावर मालकाचे नाव कोरलेले सापडते. घडविणाऱ्याचे सापडणे दुर्मीळ.

१६/
जाते. खालची स्थिर तळी, वर फिरणारी पाळी, मध्ये तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट निघत नसे. मग टाकारी येऊन जात्याला टाकी लावी. पहाटेच्या अंधारात उठून पायली-पायली धान्य दळणे हे घरातल्या बाईचे पहिले काम. सुट्टी नाही, आजारपणाची सवलत क्वचितच. या श्रमाच्या सोबतीला ओवी होती. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, पाऊस, पुढे आंबेडकर. जे दिवसा कोणापुढे बोलता येत नसे, ते जात्यापुढे बोलले जाई.

१७/
हा मौखिक ठेवा वस्तूंपेक्षाही नाशवंत. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन तो गोळा केला. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि शक्य तेथे गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांसह. केळकरांनी वाड्यांतून वस्तू आणल्या, या मंडळींनी झोपड्यांतून शब्द आणले. संग्रहालयातील जाते मुके असते. ओव्यांच्या संग्रहात ते बोलते. घराचा इतिहास शिकणाऱ्याने दोन्ही एकत्र ठेवून वाचावेत. जात्याच्या वजनाशिवाय ओवीतील थकवा पुरता कळत नाही.

१८/
पिठाची गिरणी गावात आली तेव्हा काय झाले? 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांना जात्याच्या पिठाची चव आठवते. ती चव खरी असेलही. परंतु ती कोणाच्या दंडांतून येत होती, हे ते सहसा सांगत नाहीत. गिरणीने बाईची पहाट मोकळी केली. त्याबरोबर ओव्या ज्या वेळेत रचल्या जात, ती वेळही गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. घराच्या इतिहासात सुख आणि हानी बहुधा एकाच वस्तूतून येतात, आणि संग्रहालयातील शीर्षकपट्टीवर तेवढे लिहायला जागा नसते.

१९/
आता फुरसतीच्या वस्तू. केळकर संग्रहातील अडकित्ते प्रसिद्ध आहेत. सुपारी कातरायचे साधे दोन पात्यांचे अवजार, पण त्याला घोडा, पोपट, स्त्री-पुरुषांची जोडी असे नाना आकार. पानदान आणि अडकित्ता बैठकीतील पाहुणचाराची साधने. न्हाणीघरातील वज्री त्याहून गमतीदार. पायाच्या टाचा घासायची ही वस्तू. तळ खरखरीत, वर पक्षी किंवा प्राणी. काहींच्या पोकळ पोटात बारीक खडे असत, म्हणजे घासताना ती खुळखुळे. टाच घासण्यासारख्या क्षुल्लक कामातही कोणाला तरी नाद हवासा वाटला. त्या काळातील माणसे आपल्यासारखीच होती, हे अशा वेळी पटते.

२०/
फणेरपेटी पाहताना मात्र थांबावे. लहानशी लाकडी पेटी. आत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. उच्चवर्णीय घरांत पती वारला की ही पेटी त्या स्त्रीपुरती कायमची बंद होई. कित्येकदा ती स्वतः अजून मुलगीच असे. कुंकू गेले, केस गेले, आरशात पाहण्याचे कारणही गेले. या प्रथांविरुद्ध जोतीराव व सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, धोंडो केशव कर्वे यांनी जे केले, ते पाठ्यपुस्तकात असते. त्या लढ्याचे घरातील कारण मात्र या हातभर पेटीत आहे.

२१/
याच आवारात एक संपूर्ण दालनही पुन्हा उभारलेले आहे. पहिल्या बाजीरावाने कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणवून येथे जोडले. बहुतेक जण ते एका प्रेमकथेचे स्मारक म्हणून पाहतात. घराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. पेशव्यांच्या कुटुंबाने मस्तानीला आपली मानले नाही. घरात स्थान कोणाला आणि कोणाला नाही, हा प्रश्न झोपडीत होता तसा राजवाड्यातही होता. खांब, कमानी, झुंबर हे नंतर पाहावे.

२२/
येथवर पाहिले ते बहुतांशी धातूचे, लाकडाचे आणि दगडाचे. मग बाकीचे कोठे गेले? मातीची गाडगी-मडकी फुटली. बांबूची सुपे, रोवळ्या, कणग्या कुजल्या. शेणाच्या सारवणाची जमीन उखणली गेली. गोधडी विरेपर्यंत वापरली आणि मग पोतेरे झाली. गरिबाच्या घरातील वस्तू संपेपर्यंत वापरली जाते, म्हणून ती संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही. गृहजीवनाच्या कोणत्याही संग्रहालयात श्रीमंतांची भांडी अधिक दिसतात. त्यावरून 'पूर्वी घरोघरी असेच होते' असा निष्कर्ष काढणे ही इतिहासाच्या नव्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक.

२३/
भांड्यांत आणखी एक भिंत होती. कोणाला पाणी वरून ओतायचे, कोणाची कपबशी ओसरीवर वेगळी ठेवायची, कोणी शिवलेले भांडे विस्तवातून काढायचे. हे सारे नियम भांड्यांवर लिहिलेले नव्हते, पण पाळले जात होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ओंजळीने पाणी घेतले. सार्वजनिक पाणवठ्याचा हा लढा घराच्या उंबऱ्याशीही जोडलेला होता. संग्रहालयातील तांब्या कोणाच्या ओठांना लागू शकत होता आणि कोणाच्या नाही, हे विचारल्याशिवाय त्या तांब्याचा इतिहास पुरा होत नाही.

२४/
अंबरनाथच्या शेजारी तर वस्तूच नसलेल्या घरांचा इतिहास आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्या वसाहतीचे 'उल्हासनगर' झाले. तेथील भागांना आजही 'कॅम्प' आणि क्रमांक आहेत. ज्यांची मोठी घरे कराची, हैदराबाद, शिकारपूर येथे राहिली, त्यांनी बराकींत तात्पुरते आडोसे करून चूल मांडली. सोबत आणता आलेली एखादी पेटी, एखादे भांडे हाच त्या कुटुंबांचा पुरावा. अमृतसरला २०१७ मध्ये उघडलेल्या फाळणी संग्रहालयात अशाच वस्तू जपल्या आहेत.

२५/
घर हा इतिहासाचा विषय आहे, हे जगालाही उशिराच सुचले. स्टॉकहोमला १८९१ मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी 'स्कानसेन' उघडले आणि उद्योगीकरणात नाहीशी होणारी खेड्यातील घरे उचलून तेथे उभी केली. काडेपेटी आणि स्टोव्ह जगाला देणाऱ्या देशानेच जुन्या घरांचे हे संग्रहालयही उभारले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. लंडनचे गेफ्री संग्रहालय १९१४ चे; आज त्याचे नावच 'घराचे संग्रहालय' असे आहे. अहमदाबादला विशाला येथे १९८१ पासून भांड्यांचे संग्रहालय आहे, तर गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभारले. केळकरांची वणवण सुरू झाली ती मात्र यांतील दोन्ही भारतीय संग्रहालयांच्या कितीतरी आधी.

२६/
आणि आज? स्टीलने कल्हई संपविली. जरीच्या जुन्या साड्या घेऊन बोहारीण स्टीलचे डबे देऊन गेली. गॅस आला, मिक्सर आला, पाटा-वरवंटा आधी गॅलरीत गेला आणि इमारतीच्या पुनर्विकासात राडारोड्याबरोबर निघून गेला. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर येथे जुन्या चाळी, बैठी घरे पाडून मनोरे उभे राहत आहेत. एकोणिसाव्या शतकात वाडे मोडले तेव्हा जसे घडले, तसेच पुन्हा घडत आहे. यावेळी मोडीत निघत आहे विसाव्या शतकातील मध्यमवर्गाचे आणि कामगारांचे घर.

२७/
सर्वांना संग्रहालय काढता येणार नाही, त्याची गरजही नाही. पण घरातील एक जुनी वस्तू निवडून तिच्याबद्दल पाच गोष्टी लिहून ठेवता येतात: ती कोणाची, कोठून आली, कधी आली, कोण वापरत असे आणि कोणत्या कामाला. वस्तूचे छायाचित्र आणि आजीच्या आवाजातील दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण सोबत असावे. नाव नसलेला हंडा हा केवळ काही किलो पितळ असतो. नाव, गाव आणि साल मिळाले की तो पुरावा ठरतो. केळकरांच्या काळात तराजू आणि इतिहास यांच्यामध्ये एक माणूस उभा होता. आता ती जागा प्रत्येक घरात रिकामी आहे, आणि सांगू शकणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

२८/
यापुढे कधी रिक्षातून विम्को नाक्यावर उतरणे झाले, तर क्षणभर थांबावे. या गावात एक शिलालेख आहे, तो राजाचा. आणि एका नाक्याचे नाव आहे, ते ज्या कारखान्यावरून पडले, त्याच्या काडीने पहाटेच्या अंधारात असंख्य बायकांनी चूल पेटविली. दोन्ही अंबरनाथचाच इतिहास. पहिला वाचायला लिपी शिकावी लागते. दुसरा वाचायला घरातल्या वडीलधाऱ्या बाईपाशी बसून विचारावे लागते: 'तुमच्या लहानपणी विस्तव कसा करत होता?'

(धागा समाप्त)